लाकडी जोडे, बाप आणि मुलगा : हेन्री ओसावा टॅनर यांच्या एका चित्राचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कारागिराने घडविलेली वस्तू संग्रहालयात सापडते. ती घडविणारा कारागीर मात्र इतिहासात क्वचितच सापडतो. त्याचे नाव दप्तरात आले तर ते करापुरते, कर्जापुरते किंवा एखाद्या खटल्यापुरते येते. तो काम कसे करीत असे, कोणाकडून शिकला आणि पुढे कोणाला शिकवून गेला, याविषयी लेखी साधने बहुधा मौन पाळतात. अशा वेळी चित्र हे इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन ठरते. मात्र चित्र हा आरसा नव्हे. चित्रकार काही दाखवितो, काही वगळतो आणि जे दाखवितो त्याला स्वतःच्या अनुभवाचा रंग देतो. म्हणून चित्राला साक्षीला बोलावताना त्याची उलटतपासणीही करावी लागते.

प्रस्तुत निबंधात अशाच एका चित्राचा विचार केला आहे. आफ्रिकी-अमेरिकी चित्रकार हेन्री ओसावा टॅनर (१८५९–१९३७) यांनी १८९५ साली 'लाकडी जोडे घडविणारा मुलगा' (मूळ फ्रेंच नाव 'ल झन साबोतिये') हे तैलचित्र पॅरिसच्या सालों या वार्षिक प्रदर्शनात मांडले. आज ते अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील नेल्सन-ॲटकिन्स कलासंग्रहालयात आहे. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील लाकडी जोडे करणाऱ्या कुटुंबातील एक मुलगा आणि त्याच्या मागे उभा असलेला वडीलधारा पुरुष एवढाच या चित्राचा विषय आहे. विषय साधा असला तरी श्रमाची प्रतिष्ठा आणि वंशपरंपरेने येणारा व्यवसाय या दोन गोष्टी एकच आहेत की परस्परविरोधी, हा मूलभूत प्रश्न त्यातून उभा राहतो.

निबंधाची उद्दिष्टे

१. ब्रिटनीतील लाकडी जोड्यांच्या व्यवसायाचे स्वरूप समजून घेणे.
२. टॅनर यांच्या जीवनाच्या पार्श्वभूमीवर या चित्राचा अर्थ लावणे.
३. चित्रात न आलेल्या सामाजिक वास्तवाची नोंद घेणे.
४. वंशपरंपरागत व्यवसायाच्या भारतीय अनुभवातून या चित्राकडे पाहणे.

'साबो' आणि ते घडविणारे

फ्रेंच भाषेत लाकडी जोड्याला 'साबो' आणि तो करणाऱ्याला 'साबोतिये' म्हणतात. आपल्याकडील खडावेशी त्याची तुलना सहज सुचते. परंतु दोहोंची घडण निराळी आहे. खडाव म्हणजे लाकडी तळ आणि अंगठ्याने धरायची खुंटी. साबो हा लाकडाचा एकच ठोकळा आतून कोरून केलेला पूर्ण बंद जोडा असतो. खडावेला आपल्याकडे मठ, देवघर व संन्यास यांच्याशी निगडित असे पावित्र्य लाभले. साबोला असे काही लाभले नाही. चिखल, शेण, ओल आणि थंडी यांत दिवसभर वावरणाऱ्या शेतकऱ्याचे ते स्वस्त पादत्राण होते. आत गवत किंवा पेंढा भरला की पाय उबदार राहत. चामड्याचा जोडा सणावाराला आणि साबो रोजच्या कामाला, अशी ग्रामीण फ्रान्सची साधारण रीत होती.

ब्रिटनीत हा व्यवसाय जंगलाशी बांधलेला होता. बीच, बर्च, आल्डर अशा झाडांचे लाकूड त्यासाठी वापरीत. जेथे जंगलतोडीचा ठेका निघे तेथे साबोतियेंची कुटुंबे जात, झाडांच्या आसऱ्याने झोपड्या उभारीत आणि त्या भागातील लाकूड संपले की पुढच्या जंगलाकडे वळत. गावात घर आणि शेत असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही माणसे उपरी होती. त्यांनी केलेला जोडा प्रत्येकाच्या पायात होता. परंतु गावाच्या मानकऱ्यांत त्यांना स्थान नव्हते. सर्व साबोतिये जंगलातच राहत असे मात्र नाही. गावात व लहान शहरांतही त्यांच्या कार्यशाळा होत्या आणि टॅनर यांनी रंगविलेली जागा ही अशीच छपराखालची कार्यशाळा आहे.

जोडा घडविण्याची रीत ठरलेली होती. लाकूड ओले असतानाच कामाला घेत, कारण सुकलेले लाकूड कोरणे फार कष्टाचे असते. ओंडक्याचे करवतीने तुकडे करून ते फोडीत आणि कुऱ्हाडीने त्यांना जोड्याचा ढोबळ आकार देत. त्यानंतर बाकड्याला एका टोकाशी कडीने अडकविलेल्या लांब पात्याच्या सुरीने बाहेरची बाजू तासली जाई. कडीमुळे सुरीला टेकू मिळे आणि कारागिराला मनगटाच्या जोरावर वळणे साधता येत. बाहेरचा आकार झाला की जोडीचे दोन्ही ठोकळे बाकड्याच्या खाचेत पाचर मारून घट्ट बसवीत. मग गिरमिटाने भोक पाडून चमच्यासारख्या वाकड्या पात्याच्या हत्याराने आतले लाकूड कोरून काढीत. या हत्याराला आडवी मूठ असते. ती दोन्ही हातांनी धरून अंगाचा भार टाकीत फिरवावी लागते. शेवटी आतली बाजू गुळगुळीत करून, ओल्या ढलप्यांच्या धुरावर जोडे धरून ते वाळवीत. धुराने लाकडाला रंगही चढे.

यातील अवघड टप्पा आतून कोरण्याचा आहे. आत काय चालले आहे ते डोळ्यांना पुरते दिसत नाही. तळ किती जाड उरला, टाच कोठे संपली, हे हाताला कळावे लागते. थोडा जोर अधिक झाला तर तळ फुटतो आणि तोवरची सारी मेहनत वाया जाते. हे ज्ञान पुस्तकातून मिळणारे नव्हते. ते जाणत्या माणसाशेजारी उभे राहून, त्याच्या देखत चुका करीतच मिळत असे. त्यामुळे कुटुंब हीच या व्यवसायाची शाळा होती. जड तासकाम व कोरकाम बहुधा पुरुष करीत. घासून गुळगुळीत करणे, जोड्या लावणे, धुरी देणे यांत स्त्रिया आणि मुले यांचा हात असे.

येथे एका लोकप्रिय समजुतीचा उल्लेख करणे योग्य होईल. 'सॅबोटाज' हा शब्द मजुरांनी आपले साबो यंत्रांत फेकल्यावरून आला, असे सर्रास सांगितले जाते. त्याला पुरावा नाही. फ्रेंचमधील 'साबोते' या क्रियापदाला काम ओबडधोबड, हयगयीने करणे असा अर्थ होता. १८९७ साली तुलूझ येथील कामगार महासंघाच्या अधिवेशनात 'साबोताज' हे लढ्याचे साधन म्हणून स्वीकारले गेले आणि शब्दाला राजकीय अर्थ आला. टॅनर यांचे चित्र त्याच्या दोनच वर्षे आधीचे आहे. शब्दाने साबोचा संबंध बिघडविलेल्या कामाशी जोडला, तर चित्राने त्याच सुमारास तो काळजीपूर्वक केलेल्या कामाशी जोडला. हा विरोध लक्षणीय आहे.

चित्रकाराची घडण

टॅनर यांचा जन्म २१ जून १८५९ रोजी पिट्सबर्ग येथे झाला. त्यांचे वडील बेंजामिन टकर टॅनर हे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे धर्मोपदेशक, संपादक आणि १८८८ पासून बिशप होते. आई सॅरा यांचा जन्म व्हर्जिनियात गुलामगिरीत झाला होता. पळून येणाऱ्या गुलामांना मदत करणाऱ्या 'भूमिगत रेल्वे' या गुप्त साखळीच्या आधाराने त्या बालपणी उत्तरेत पोहोचल्या. मुलाच्या 'ओसावा' या मधल्या नावातही हा इतिहास आहे. गुलामगिरीविरोधी लढवय्या जॉन ब्राउन याने १८५६ साली कॅन्ससमधील ज्या ओसावाटोमी गावी लढत दिली, त्या गावाच्या नावावरून ते घेतले आहे.

पुढे कुटुंब फिलाडेल्फियात स्थायिक झाले. तेथील उद्यानात एका चित्रकाराला काम करताना पाहून आपणही चित्रकार व्हावे असे तेरा वर्षांच्या सुमारास ठरविल्याचे टॅनर यांनी पुढे सांगितले आहे. वडिलांना ते व्यवहार्य वाटले नाही. त्यांनी मुलाला पिठाच्या व्यवसायात उमेदवारीला लावले. ते काम टॅनर यांच्या प्रकृतीला मानवले नाही, ते आजारी पडले आणि अखेर घरच्यांनी चित्रकलेला संमती दिली. बापाने ठरविलेला व्यवसाय नाकारलेल्या या मुलाने पुढे बापाच्या देखत शिकणाऱ्या मुलाचे चित्र रंगविले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पेनसिल्व्हेनिया कला अकादमीत थॉमस एकिन्स यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. तेथे वर्णद्वेषाचा जाच त्यांना सोसावा लागला. १८८० च्या दशकात त्यांनी 'हार्पर्स यंग पीपल' या मुलांच्या नियतकालिकासाठी कथाचित्रे काढली. ही गोष्ट त्यांच्या पुढील कामाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कथाचित्रकाराला एकाच दृश्यात आधीचे व नंतरचे प्रसंग सुचवावे लागतात, देहबोलीतून नाते सांगावे लागते. ही सवय त्यांच्या तैलचित्रांतही उतरली. अटलांटा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय करून पाहिला, तो चालला नाही. अखेर १८९१ च्या आरंभी ते युरोपला निघाले. रोमला जाण्याचा बेत होता. परंतु पॅरिसमध्येच राहून त्यांनी आकादेमी ज्युलियाँ या कलाशाळेत प्रवेश घेतला.

उन्हाळ्यात पॅरिसचे चित्रकार ब्रिटनीला जात. पोंताव्हेन हे गाव १८६० च्या दशकापासून चित्रकारांची वसाहत बनले होते आणि तेथे आरंभी आलेल्यांत फिलाडेल्फियाच्या अकादमीत शिकलेले अमेरिकन होते. १८८६ पासून गोगँ तेथे येऊ लागले. गोगँ यांनी स्वतः कोरून रंगविलेली साबोची एक जोडी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आजही पाहावयास मिळते. मात्र गोगँना ब्रिटनीत आदिम, नागर संस्कृतीपासून दूरचे असे जग हवे होते. टॅनर यांना तेथे दुसरेच काही दिसले.

चित्राचे वाचन

चित्राची उंची सुमारे १२० सें.मी. व रुंदी सुमारे ९० सें.मी. आहे. अग्रभागी एक किशोरवयीन मुलगा आहे. बाकड्यावर घट्ट बसविलेल्या जोड्यात हत्यार रुतले आहे आणि त्याच्या आडव्या मुठीवर मुलाने आपल्या साऱ्या देहाचा भार टाकला आहे. वर वर्णिलेल्या कृतीतील आतून कोरण्याचाच हा टप्पा आहे. मागे वडीलधारा पुरुष मुलाकडे कौतुकाने पाहत आहे. जमिनीवर लाकडाच्या सालप्या विखुरल्या आहेत.

चित्रकाराने तयार जोडा, बाजार किंवा गिऱ्हाईक यांपैकी काही मध्यभागी ठेवले नाही. मध्यभागी आहे ते शिकणे. मुलाची ताकद अजून कामाला पुरेशी नाही, म्हणून मनगटाची उणीव तो देहाच्या वजनाने भरून काढतो आहे. जाणत्या कारागिराची लकब त्याच्या अंगी अजून आलेली नाही. येईल, असे मागच्या माणसाची नजर सांगते. तो मुलाच्या हातातून हत्यार घेत नाही, बोट दाखवून दटावतही नाही. शिकविणाऱ्याने थांबण्याचा हा क्षण आहे. ज्याने कोणाला हातकाम शिकविले आहे त्याला या थांबण्याचे मोल कळेल.

हाच विषय टॅनर यांनी त्या काळात पुन्हा पुन्हा हाताळला. ब्रिटनीच्या वास्तव्यातून आलेल्या 'बॅगपाइपचा पाठ' (१८९२–९३) या चित्रात एक मुलगा वाद्य फुंकण्याची धडपड करतो आहे. 'बँजोचा पाठ' (१८९३) या विख्यात चित्रात कृष्णवर्णीय वृद्ध मांडीशी घेतलेल्या नातवाला बँजो शिकवितो. बँजो वाजविणारा विदूषकी कृष्णवर्णीय हे तत्कालीन अमेरिकन रंगमंचावरील व व्यंगचित्रांतील ठरलेले सोंग होते. टॅनर यांनी तेच वाद्य घेतले आणि सोंगाच्या जागी गुरु-शिष्य बसविले. 'लाकडी जोडे घडविणारा मुलगा' हे या मालिकेतील पुढचे चित्र होय. वर्ण बदलला, देश बदलला, वाद्याच्या जागी हत्यार आले. पण मोठ्याने लहानाला काही देणे हा गाभा तोच राहिला.

असे का व्हावे, याचे उत्तर गुलामगिरीच्या इतिहासात शोधावे लागते. गुलामगिरीत श्रम होते, कौशल्यही होते. नव्हता तो त्यांवरचा हक्क. गुलामांच्या विवाहाला कायद्याची मान्यता नव्हती आणि मूल आईबापांपासून तोडून विकले जाऊ शकत होते. दक्षिणेतील अनेक राज्यांत त्यांना लिहावाचायला शिकविणे हा गुन्हा होता. आपल्या मुलाला आपल्या छपराखाली, आपल्या मर्जीने, आपल्या जवळचे ज्ञान देता येणे हेच अशा समाजाच्या दृष्टीने स्वातंत्र्य होते. ज्यांच्या आईला बालपणी गुलामगिरीतून निसटावे लागले त्या चित्रकाराला ब्रिटनीच्या कार्यशाळेत मागासलेपण दिसले नाही. त्यांना तेथे एक अखंड कुटुंब दिसले.

सालप्यांनी भरलेली कार्यशाळा, कामात गढलेला मुलगा आणि मागे उभा वडीलधारा पुरुष यांतून नाझरेथच्या सुताराच्या घराची आठवण ख्रिस्ती प्रेक्षकाला सहज होते. अनेक अभ्यासकांनी हा संदर्भ दाखविला आहे. बिशपच्या या मुलाने पुढच्याच वर्षांत बायबलमधील विषयांकडे वळून कीर्ती मिळविली. 'लाझारसचे पुनरुत्थान' हे त्यांचे चित्र १८९७ साली फ्रेंच शासनाने विकत घेतले. त्या दृष्टीने प्रस्तुत चित्र हे त्यांच्या दोन कालखंडांना जोडणारा दुवा आहे.

चित्रात न दिसणारे वास्तव

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला येथेच थांबता येत नाही. टॅनर यांनी रंगविलेल्या प्रेमळ कार्यशाळेची दुसरी बाजूही होती.

फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने सहा ते तेरा वर्षांच्या मुलामुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते. १८९२ च्या कायद्याने कारखान्यांत सामान्यतः तेरा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. मात्र या कायद्यात एक अपवाद होता. आईबाप वा पालक यांच्या अधिकाराखाली केवळ कुटुंबातील माणसेच काम करतात अशा कार्यशाळांना तो लागू नव्हता. म्हणजे टॅनर यांनी ज्या जागेत कौटुंबिक जिव्हाळा पाहिला, नेमक्या त्याच जागेपाशी कायद्याची नजर थांबत होती. चित्रातील मुलगा शाळा संपवून कामाला लागला की शाळा सोडून, हे चित्र सांगत नाही. त्याच्या मनात दुसरे काही व्हायचे होते का, हेही सांगत नाही.

स्त्रियांच्या श्रमाविषयीही असेच म्हणता येईल. घासकाम आणि धुरीचे काम करणाऱ्या हातांवाचून जोडा पुरा होत नसे. चित्राचे कथानक मात्र पुरुषाकडून मुलाकडे जाणाऱ्या वारशाचे आहे.

व्यवसायाचे भवितव्यही चित्राबाहेर राहिले. नमुन्याबरहुकूम जोडे कातणारी यंत्रे आली, पहिल्या महायुद्धानंतर रबरी बुटांचा प्रसार झाला आणि साबोतियेंची गिऱ्हाइके कमी होत गेली. दुसऱ्या महायुद्धात चामड्याच्या टंचाईमुळे लाकडी पादत्राणांना काही काळ पुन्हा मागणी आली. पण युद्धोत्तर काळात हा व्यवसाय जवळजवळ संपला. १८९५ साली तेरा-चौदा वर्षांचा असलेला मुलगा पहिल्या महायुद्धाच्या वेळी तिशीत असणार. मागे उभ्या पुरुषाला ज्या वारशाचे कौतुक वाटते आहे, तो मुलाला आयुष्यभर पुरणारा नव्हता.

१८९५ आणि श्रमशिक्षणाचा वाद

हे चित्र प्रदर्शित झाले त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांनी अटलांटा येथे आपले प्रसिद्ध भाषण केले. कृष्णवर्णीयांनी आधी हातकौशल्य व उद्योग यांतून आर्थिक पाया घालावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी १९०३ मधील ग्रंथात त्याची कठोर चिकित्सा केली. केवळ हातकामाच्या शिक्षणावर समाधान मानले तर उच्च शिक्षण व राजकीय हक्क यांचे दार बंद होईल, असा त्यांचा आक्षेप होता. वॉशिंग्टन १८९९ साली पॅरिसमध्ये टॅनर यांना भेटले. चित्र भाषणाच्या आधीचे असल्याने त्याला त्या भाषणाचे चित्ररूप म्हणता येणार नाही. तरीही वादाच्या दोन्ही बाजू टॅनर यांच्यात एकत्र आढळतात. त्यांनी हातकामाची प्रतिष्ठा रंगविली. परंतु स्वतःसाठी मात्र युरोपमधील उच्च कलाशिक्षण निवडले.

भारतीय अनुभवातून पाहताना

महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. त्या वेळी टॅनर फिलाडेल्फियात चौदा वर्षांचे होते. दोन समाजांतील दास्याची तुलना महाराष्ट्रात तेव्हापासून रुजलेली आहे. म्हणून हे चित्र मराठी वाचकासमोर येते तेव्हा एक अडचण निर्माण होते. बापाचे हत्यार मुलाच्या हाती जाणे टॅनर यांच्या समाजाला स्वातंत्र्य वाटले. आपल्याकडे शतकानुशतके तेच बंधन होते. चांभाराच्या मुलाने चामडे आणि सुताराच्या मुलाने लाकूड हाती घ्यावे, हे त्याच्या आवडीने ठरत नव्हते. जातिसंस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या विवेचनात दाखवून दिले.

फ्रान्समध्ये १७९१ साली कारागीर-संघांची मक्तेदारी रद्द होऊन व्यवसायस्वातंत्र्य मिळाले होते. साबोतियेचा मुलगा साबोतियेच होई तो बहुतांशी गरिबीमुळे आणि दुसरी वाट नसल्यामुळे, धर्माज्ञेमुळे नव्हे. हा भेद महत्त्वाचा आहे. तथापि कुटुंबाच्या छपराखालील मुलाच्या श्रमाबाबत आपला कायदाही फ्रेंच कायद्यासारखाच संकोचला. १९८६ च्या बालकामगार कायद्याने कौटुंबिक कार्यशाळेला सूट दिली होती. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांच्या कामावर सर्वसाधारण बंदी घातली. तरी शाळेच्या वेळेबाहेर व सुट्टीत कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या उद्योगात मदत करण्यास मुभा ठेवली. घरचे शिक्षण कोठे संपते आणि घरची वेठ कोठे सुरू होते, हा प्रश्न त्यामुळे आजही जिवंत आहे.

निष्कर्ष

१. प्रस्तुत चित्र जोडा आतून कोरण्याच्या टप्प्याचे आणि त्यातील देहश्रमाचे विश्वासार्ह दर्शन घडविते. त्या दृष्टीने ते कारागिरीच्या इतिहासाचे साधन आहे.
२. चित्रातील वडीलधारा पुरुष आणि मुलगा यांच्यातील जिव्हाळ्याचा अर्थ गुलामगिरीने तोडलेल्या कुटुंबांच्या स्मृतीवाचून पुरता उलगडत नाही.
३. बालश्रम, स्त्रियांचे श्रम आणि व्यवसायाचा ऱ्हास यांविषयी चित्र मौन बाळगते. ते मौन अन्य साधनांनी भरून काढावे लागते.
४. श्रमाची प्रतिष्ठा आणि व्यवसायाची वंशपरंपरा या गोष्टी भिन्न आहेत. पहिलीचा गौरव करताना दुसरीचे समर्थन होणार नाही, ही दक्षता अभ्यासकाने घेतली पाहिजे.

टॅनर यांच्या चित्रातील मुलगा हत्यारावर भार टाकून उभा आहे आणि मागचा माणूस त्याच्याकडे समाधानाने पाहत आहे. ते समाधान खोटे नाही. परंतु बापाचे हत्यार हाती घेण्याचा आणि ते खाली ठेवण्याचा असे दोन्ही हक्क मुलाला असतील, तेव्हाच ते निर्मळ म्हणता येईल. टॅनर यांना हत्यार खाली ठेवण्याचा हक्क मिळाला, म्हणूनच हत्यार हाती घेणाऱ्याचे हे चित्र आज आपल्यासमोर आहे.